निरंक

ट्रान्सफॉर्मर फुटला तेव्हा सारिका निकम कुंपणाच्या जाळीजवळ बसून डबा खात होती. पाटणच्या वरच्या पठारावरच्या पवनचक्क्यांची देखभाल करणारी ती तंत्रज्ञ. मनोऱ्याच्या आतल्या शिडीने वर चढून जाणं तिला घरचा जिना चढण्याइतकं सवयीचं होतं. स्फोटाने ती गवतात फेकली गेली. उठून बसली, हातपाय चाचपले, सगळं जागच्या जागी होतं. भाकरी तेवढी कुठे उडाली ते कळलं नाही. दोन्ही कानांत मात्र एक बारीक आवाज सुरू झाला होता. कुकरची शिट्टी होण्याआधी वाफ फटीतून सिसकारत राहते, तसा. जाईल थोड्या वेळात, असं सोबतचे लोक म्हणाले. तिलाही तसंच वाटलं.

तो गेला नाही. दिवाळीत गेला नाही, पुढच्या दिवाळीतही गेला नाही.

कराडच्या कानाच्या डॉक्टरांनी तिला बंद खोलीत बसवून तपासलं. आलेख सरळ रेषेत आला. "कान उत्तम आहेत तुमचे. याला टिनिटस म्हणतात, कर्णनाद. मेंदूच्या डॉक्टरांना भेटा." मेंदूच्या डॉक्टरांनी फोटो काढला, तोही स्वच्छ. त्यांनी मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं. मानसोपचारतज्ज्ञांनी झोपेची गोळी लिहून दिली आणि चौकशी केली, "कान दाखवलेत का कुणाला?"

तिचा नवरा सुहास पाटणच्याच हायस्कुलात भूगोल शिकवायचा. मूलबाळ नव्हतं, दोघांचंच घर. सुरुवातीला तो शाळेतून आला की तिच्या कानाला कान लावून बसायचा. "काहीच येत नाही गं," म्हणायचा, जणू चूक त्याचीच होती. वर्षभराने "अजून आहे का?" एवढंच विचारू लागला. मग विचारायचं थांबला. सारिका हॉलमध्ये झोपायला गेली, कारण कूलरच्या घरघरीत आवाज जरा बुजायचा आणि सुहासला कूलर सोसायचा नाही. एका घरात दोन बिऱ्हाडं झाली.

मग नादलेख आला.

नादलेख म्हणजे डोक्यावर घालायची एक टोपी आणि तिला जोडलेला संगणक. कान आतून थोडा जरी दुखावला, तरी मेंदूकडे जाणारा आवाज कमी होतो. रेडिओ नीट लागला नाही की माणूस त्याचा आवाज वाढवतो. तसाच मेंदूही आपल्या ऐकण्याच्या पेशींचा जोर वाढवतो. इतका वाढवतो की बाहेर काही नसताना त्या पेशी आपल्या आपणच एका लयीत धडधडू लागतात. ती धडधड म्हणजे हा नाद. पेशी धडधडल्या की विजेचे बारीक प्रवाह वाहतात आणि त्यांच्याभोवती चुंबकत्व तयार होतं. पृथ्वीच्या चुंबकत्वाहून कोट्यवधी पटींनी क्षीण, पण असतं. टोपीतले संवेदक ते पकडायचे. आणि हजारो रुग्णांच्या नोंदींवर शिकवून तयार केलेला संगणक त्या लहरींचा पुन्हा आवाज करून स्पीकरवर ऐकवायचा.

जगात पहिल्यांदाच एकाच्या डोक्यातला आवाज दुसऱ्याला ऐकू आला. लोक वेडे झाले. सरकारने नादलेखाचा अहवाल ग्राह्य धरला, कारखान्यांनी धरला, कोर्टांनीही धरला. "दाखवा पुरावा" म्हणणाऱ्यांना पुरावा मिळाला होता.

मिरजेच्या इस्पितळात यंत्र बसल्याचं कळलं तेव्हा सारिकाने स्वतःच नंबर लावला. सुहासने शाळेत रजा टाकली. गाडीत ती सारखी बोलत होती. इतक्या वर्षांत सुहासने तिला इतकं बोलताना पाहिलं नव्हतं.

त्यांच्या आधी एक म्हातारी होती, सोबत तिचा मुलगा. दार अर्धवट उघडं होतं. आतून एक घुमणारा आवाज आला, गिरणीचा पट्टा रिकामा फिरावा तसा. मुलगा आधी उभाच राहिला.

"आई, हे दिवसभर चालू असतं?"

"तुझ्या लग्नाच्या आधीपासून," म्हातारी म्हणाली.

मुलगा मटकन खाली बसला आणि त्याने तिच्या पावलांवर डोकं टेकलं. सुहासचे डोळे भरून आले. त्याने सारिकाचा हात दाबला. "आता तुझा ऐकतो," तो म्हणाला.

तिला खुर्चीत बसवलं, टोपी चढवली. "डोळे मिटा. काही करू नका," तंत्रज्ञ म्हणाला. तिने डोळे मिटले. आत आवाज नेहमीसारखा लखलखीत चालू होता. ती वाट पाहत राहिली. हे सुरू का करत नाहीत अजून, असं वाटून तिने डोळे उघडले. सुरू केव्हाच झालं होतं. स्पीकरचा दिवा हिरवा होता. सुहास मान तिरकी करून, कान पुढे करून स्पीकरपाशी वाकला होता. खोलीत पंख्याचा आवाज होता, बाहेर कुणीतरी बादली सरकवत होतं, बाकी काही नव्हतं.

तंत्रज्ञाने टोपी काढून पुन्हा घातली. पुन्हा पाहिलं. मग छापील अहवाल हातात दिला. नावाखाली एकच शब्द होता: निरंक.

परतताना आष्ट्याजवळ दोघं चहाला थांबली.

"सारिका, चिडू नकोस," सुहास म्हणाला. "पण हे बरंच झालं ना? आजार नाही म्हणजे..."

"मला ऐकू येतंय."

"हो. तुला ऐकू येतंय." तापात बरळणाऱ्या माणसाला म्हणावं तसं त्याने म्हटलं.

तिला वाटलं, त्याने भांडावं. कप आपटावा. तो मात्र फार जपून वागू लागला होता. तिचा चहा निवला तर दुसरा मागवला, गाडीचं दार उघडून धरलं. पुढे घरीही तेच. तिच्यापुढे तो मोठ्याने बोलायचा नाही. तिची कुठलीही गोष्ट खोडून काढायचा नाही. नवऱ्याने वाद घालणं सोडलं की बाई किती एकटी पडते, हे तिला तेव्हा कळलं.

फोनवर 'कानगोष्ट' नावाचा एक गट होता. राज्यभरातले तिच्यासारखेच लोक त्यात होते. नांदेडचा एक शिक्षक, अलिबागची एक नर्स; सगळ्यांनी वर्षानुवर्षं एकमेकांना धीर दिलेला. नादलेख आल्यावर जो तो आपला अहवाल गटावर टाकू लागला, आपापले आवाज ऐकवू लागला. सारिकाने आपला टाकला. मग अलिबागच्या नर्सने लिहिलं, "ताई, राग मानू नका, पण खोट्या लोकांमुळेच इतकी वर्षं आपल्यावर कुणी विश्वास ठेवला नाही." संध्याकाळपर्यंत तिला गटातून काढून टाकलेलं होतं.

स्फोटानंतर कामावर तिला खालच्या नियंत्रण कक्षात बसवलं होतं. तिथल्या साहेबांनी अहवाल वाचला, हसून म्हणाले, "म्हणजे फिट आहात! चला, वर चढायला माणसं कमीच आहेत." ती पुन्हा मनोऱ्यांवर चढू लागली. खरं तर वर तिला बरं वाटायचं. पात्यांमागच्या त्या पेटीसारख्या खोलीत यंत्रं अशी घरघरत की तिचा आवाज त्यात विरघळून जाई. खाली पठार, त्यापलीकडे कोयनेचं पाणी, आणि मैल न् मैल एकही माणूस नाही. काम संपलं तरी ती वर बसून राही. खालून रेडिओवर हाक आली की म्हणे, "अजून एक बोल्ट बघते."

एके रविवारी कांदा चिरताना सुहासने सहज विचारलं, "तो आवाज... कसा आहे गं आता?"

"गेला," ती म्हणाली.

तिने ते ठरवून म्हटलं नव्हतं. तोंडातून निघून गेलं. पण सुहासचा चेहरा पाहून ते परत घ्यायचा धीर तिला झाला नाही. तो उठला, तिला जवळ घेतलं, कांद्याचे हात तसेच. दुसऱ्या दिवशी त्याने शाळेत पेढे वाटले. त्याच्या बहिणीचा फोन आला, "बघ, मी म्हणत होते, मन रमवलं की जातं." सारिका हॉलमधून पुन्हा आतल्या खोलीत झोपू लागली. कूलर माळ्यावर गेला. घरात तिच्याखेरीज सगळे बरे झाले.

असं दीड वर्ष गेलं असेल. एका दुपारी ती मनोऱ्यावरून खाली उतरली तोच फोन वाजला.

"सारिकाताई निकम का? मी तहसीन मुल्ला. मिरजेहून बोलते. नादलेखात तुमचा अहवाल निरंक आला होता."

"मी आता बरी आहे," सारिकाने पाठ केलेलं सांगितलं.

"बरं. मग एकच विचारते आणि फोन ठेवते. आवाज होता तेव्हा, दात गच्च आवळले की तो बदलायचा का? किंवा मान एका बाजूला वळवली की?"

सारिका शिडीच्या शेवटच्या पायरीवर बसली. आपण दात आवळतोय हे तिच्या ध्यानात आलं. कानातली वाफ एकदम वर चढली, आणि जबडा सैल सोडला तशी खाली आली. हे ती रोज करत होती. जीभ दुखऱ्या दातावर जावी तसं, नकळत.

"बदलतो," ती म्हणाली. "मला हे कुणी विचारलंच नाही हो."

'बदलायचा' नाही, 'बदलतो' म्हटलं, हे दोघींनाही कळलं. तहसीनने ते बोलून दाखवलं नाही.

"मी औषधाची डॉक्टर नाही, आकड्यांची आहे," ती म्हणाली. "निरंक म्हणून बाजूला काढलेली माणसं मोजली. पाचातला एक निघाला. इतकी माणसं खोटं बोलत नाहीत. ते यंत्र ज्यांच्यावर शिकवलं ते जवळजवळ सगळे उतारवयाचे, कारखान्यांतले, ऐकू कमी येणारे. त्याला एकाच जातीचा नाद ओळखता येतो. मला वाटतं, काहींचा नाद मेंदूच्या वरच्या थरात जन्मत नाही. खाली, मेंदूच्या देठात, जिथे कानाची नस आणि मानेच्या, जबड्याच्या नसा एकमेकींना भेटतात, तिथे जन्मतो. तेवढ्या खोलवरचं टोपीला दिसत नाही. ते शोधायचंय. याल का?"

"आवाज जाईल?"

"नाही. जाण्याचं मी काहीच कबूल करत नाही. नुसतं सापडेल, तेही कदाचित. आणि महिनाभर इथे राहावं लागेल, सगळ्यात शांत खोलीत. म्हणजे त्रास वाढेलच."

महिनाभर मिरजेला जायचं तर घरी सांगायला हवं होतं. सारिकाने आठवडा काढला. शेवटी एका सकाळी सुहास शर्टाला इस्त्री करत असताना ती म्हणाली, "तो गेला नव्हता. एक दिवससुद्धा नाही."

सुहासने इस्त्री उभी करून ठेवली. "म्हणजे इतके दिवस तू माझ्याशी खोटं बोलत होतीस?"

"खरं बोलत होते तेव्हा तुम्हाला खोटं वाटत होतं."

"मी कधी तसं म्हटलं? एकदा तरी?"

"म्हटलं नाहीत. म्हटलं असतं तर बरं झालं असतं."

"यंत्राला काय वैर आहे का तुझ्याशी, सारिका?" तो म्हणाला. "मी ऐकायला आलो होतो. कान फाटेपर्यंत ऐकत होतो तिथे. काही असतं तर ऐकलं नसतं का मी?"

तो अर्धा इस्त्री झालेला शर्ट घालूनच शाळेत गेला. ती एकटी मिरजेच्या एसटीत बसली.

इस्पितळाच्या मागच्या बाजूला पाहुण्यांच्या खोल्या होत्या. तिथे चौदा निरंक माणसं जमली होती. पहिल्या दिवशी एका लांब टेबलाभोवती कानाच्या डॉक्टर, मेंदूचे डॉक्टर, दातांचे डॉक्टर, मानेचे व्यायाम घेणारी बाई आणि मानसतज्ज्ञ बसले आणि रुग्णांसमोरच भांडू लागले. दातांचे डॉक्टर म्हणत, जबडा आधी मोजा. मेंदूचे डॉक्टर म्हणत, जबड्याचा काय संबंध. मानसतज्ज्ञ म्हणत, झोप कशी लागते ते आधी विचारा, घाबरलेल्या माणसाचा नाद वेगळाच असतो. 'मोठा आवाज' म्हणजे किती, यावरही पाच जणांची पाच मतं. तहसीन सगळं लिहून घेत होती. ठेंगणी, चष्म्याची, कायम घाईत असलेली मुलगी.

"आजवर ही माणसं एका खोलीत बसलीच नव्हती," ती नंतर सारिकाला म्हणाली. "भांडतात ही प्रगती आहे."

प्रयोगाची खोली जमिनीखाली होती. भिंती, छत, दार, सगळीकडे आवाज शोषणाऱ्या पाचरी. दार लागलं की स्वतःचं रक्त वाहताना ऐकू यावं अशी शांतता. सारिकाच्या आवाजाला तिथे अडवणारं काहीच उरलं नाही. तो खोलीभर झाला. हिरवा दिवा लागला की दात आवळायचे, विझला की सोडायचे, आणि दर वेळी आवाज चढला की उतरला ते सांगायचं. शेकडो वेळा. आवळलेल्या आणि सोडलेल्या क्षणांच्या नोंदी एकमेकींतून वजा करत गेलं, की बाकीचा गलबला गळून खोलवरची बारीकशी हालचाल मागे उरते, असं तहसीनचं गणित होतं. सारिकाचा जबडा ठणकायचा. बाहेर आल्यावर ती व्हरांड्यातल्या बाकावर नुसती बसून राहायची.

त्याच बाकावर दाविद कांबळे बसायचे. सत्तरीचे, मिरजेचेच, निवृत्त रुग्णवाहिका-चालक. "सगळे म्हणतात, जन्मभर सायरन ऐकलास, कानात सायरनच असणार," ते हसून सांगायचे. "सायरन नाही हो तो. काय आहे ते मात्र मला सांगता येत नाही." त्यांची बायको मार्था दोन वर्षांपूर्वी वारली होती. चर्चमध्ये गाणी म्हणायचा कंटाळा म्हणून दाविद कानाचं सोंग करतात, असं ती पाद्रीसाहेबांना सांगायची. शेवटपर्यंत तिचं तेच मत होतं.

सुहासचा फोन आठवड्यातून एकदा यायचा. जेवलीस का, पाऊस आहे का तिकडे. आवाजाबद्दल दोघंही बोलत नसत.

महिना संपला आणि तहसीनने एकेकाला आत बोलावलं. अकरा जणांचे नाद सापडले होते. पहिल्या बाईचा आवाज स्पीकरवर लागला तेव्हा कानाच्या डॉक्टर उठून उभ्या राहिल्या आणि मेंदूच्या डॉक्टरांनी दातांच्या डॉक्टरांशी हात मिळवला. व्हरांड्यात कुणी रडत होतं, कुणी घरी फोन लावत होतं.

सारिका आत गेली तेव्हा तहसीनने चष्मा काढून टेबलावर ठेवला होता.

"तुमचा नाही सापडला, ताई."

सारिका समोरच्या खुर्चीत बसली.

"दोनदा केलं गणित. मग तिसऱ्यांदा. तुमचा आवाज दात आवळल्यावर बदलतो, तुम्ही प्रत्येक वेळी अचूक सांगितलंत, एकदाही गफलत नाही. पण कुठे बदलतो ते मला दिसत नाही."

"म्हणजे अजून तिसरी जात असेल?"

"असेल. किंवा माझं गणित अपुरं असेल. मला माहीत नाही." तहसीनचा आवाज खाली गेला. "तुम्ही मला खोट्या वाटत नाही, एवढंच मला माहीत आहे. पण ते शोधनिबंधात लिहिता येत नाही."

सारिकाने तिच्या पाठीवर हात ठेवला. त्या पोरीची समजूत घालण्याची वेळ आपल्यावर यावी, याचं तिला हसूही आलं.

बाहेर येऊन तिने सुहासला फोन लावला.

"निरंकच आलं," ती म्हणाली. "बाकी बऱ्याच जणांचं सापडलं. माझं नाही."

पलीकडे शाळेची मधली सुट्टी झाली असावी. पोरांचा कल्ला येत होता.

"मग आता?"

"आता काही नाही. मी परत 'गेला' म्हणणार नाही, एवढंच. तुम्हाला काय मानायचं ते माना."

"शनिवारी येतेस?"

"येते."

"कूलर माळ्यावरून काढून ठेवतो. हॉलमध्ये."

फोन ठेवल्यावर ती त्या वाक्याचा विचार करत राहिली. त्याने विश्वास ठेवला होता, की नुसतं तिचं अंथरूण पुन्हा बाहेर टाकलं होतं? त्याच्या स्वरावरून सांगता येत नव्हतं. कदाचित त्यालाही सांगता आलं नसतं.

बाकावर दाविद बसले होते. त्यांच्या हातात फोन होता. त्यांचा नाद सापडलेल्या अकरांमध्ये होता. तहसीनने तो त्यांना फोनवर घालून दिला होता.

"सकाळीच मिळाला," ते म्हणाले. "कबरस्तानात गेलो. म्हटलं, मार्थाला ऐकवू. लावला. मग मलाच कसंतरी झालं. मेलेल्या बाईला कशाला तो जाच, म्हणून बंद केला." त्यांनी फोन उलटापालटा केला. "चांगला पुरावा मिळाला बघ, पोरी. दाखवायला माणूस नाही."

"मला ऐकवा," सारिका म्हणाली.

त्यांनी फोन तिच्या कानाला लावला. रिकाम्या पिंपात लांबवर पाणी पडत राहावं आणि मधूनच कुणी एखादी तार ओढावी, असा तो आवाज होता. तिने डोळे मिटून घेतले. दाविद तिच्या चेहऱ्याकडे पाहत राहिले. ती ऐकत राहिली, मध्येच थांबली नाही, "कळलं" म्हणाली नाही. शेवटी त्यांनीच हात खाली घेतला.

"किती वर्षं, काका?"

"एकोणीस." त्यांनी रुमालाने नाक पुसलं. "आता तुझा ऐकव."

"माझा नाही निघाला."

"यंत्रातून नाही निघाला. तोंडातून काढ की."

सारिका ओशाळली. व्हरांड्यातून नर्स ये-जा करत होत्या, समोर एक जण मोसंबी सोलत बसला होता. पण दाविद खरोखरच कान पुढे करून थांबले होते. तिने जीभ दातांमागे टेकवली आणि बारीक सिसकारी काढली.

"असा?"

"नाही. याच्या वर. आणि जरा पातळ." तिने पुन्हा प्रयत्न केला. ओठ आवळले, जीभ आणखी मागे घेतली, आणि एका क्षणी तिच्या अंगावर काटा आला. आतला आणि बाहेरचा एकावर एक बसले होते. पण दम संपला आणि सिसकारी तुटली.

"हाच," ती धापा टाकत म्हणाली. "फक्त तो थांबत नाही. मला श्वास घ्यावा लागतो म्हणून थांबतो. तो असा तुटत नाही कधी."

दाविदनी मान हलवली. "पुन्हा काढ."

तिने पुन्हा काढला. दाविद लक्ष देऊन ऐकत होते, स्वतःचे ओठ तसे करून पाहत होते. तिचा दम संपत आला तशी त्यांनी तीच सिसकारी आपल्या तोंडाने उचलली. जरा जाड, जरा म्हातारी, पण त्याच उंचीवर. सारिकाने श्वास भरून घेतला आणि त्यांचा दम संपायच्या आत पुन्हा सुरू केलं. मग ते. मग ती.

मोसंबीवाला सोलायचा थांबून त्यांच्याकडे बघत होता. दोघांनी तिकडे लक्ष दिलं नाही.